‘ॲप्लाय’ दाबावे की ‘ओके’? : संगणकाच्या शब्दांबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे. शब्द ओळखीचा असतो, रोज समोर येतो, पण ते बटण दाबल्यावर नेमके काय होणार याची खात्री नसते. म्हणून उत्तरांत कोशातला अर्थ थोडक्यात सांगून यंत्र प्रत्यक्षात काय करते त्यावर भर दिला आहे. वेगळे सांगितले नसेल तिथे विंडोज गृहीत धरावे.

प्रश्न : सेटिंगच्या चौकटीत खाली ‘ओके’, ‘कॅन्सल’ आणि ‘ॲप्लाय’ अशी तीन बटणे असतात. ‘ओके’ असताना ‘ॲप्लाय’ कशाला?

‘ॲप्लाय’ म्हणजे बदल आत्ता लागू कर, पण चौकट उघडी ठेव. ‘ओके’ म्हणजे बदल लागू कर आणि चौकट बंद कर. त्यामुळे आधी ‘ॲप्लाय’ आणि मग ‘ओके’ अशी दोन्ही बटणे दाबणाऱ्यांची एक क्लिक वाया जाते, एवढेच. ‘ॲप्लाय’ कामी येते ते बदल करून पाहायचा असेल तेव्हा. माउसच्या पॉइंटरची आकृती बदलली, ‘ॲप्लाय’ केले, पॉइंटर फिरवून पाहिला, पसंत पडला नाही तर त्याच चौकटीत दुसरी आकृती निवडली.

फसगत होते ती ‘कॅन्सल’मुळे. ‘कॅन्सल’ म्हणजे ‘पूर्ववत कर’ नव्हे. जे अजून लागू झालेले नाही तेवढेच ते सोडून देते. ‘ॲप्लाय’ दाबून झाल्यावर ‘कॅन्सल’ केले तरी लागू झालेला बदल तसाच राहतो. ‘ॲप्लाय’ फिकट दिसत असेल, तर लागू करण्यासारखे काही शिल्लक नाही असे समजावे. मोबाइलवर आणि विंडोजच्या नव्या सेटिंग्जमध्ये ही बटणे बहुतेक ठिकाणी नसतातच. खटका सरकवला की बदल झाला, आणि मागे फिरल्याने तो रद्द होत नाही.

प्रश्न : फोल्डर कॉपी करताना ‘रिप्लेस’, ‘स्किप’ असे पर्याय येतात. फाइल बंद करताना ‘डिस्कार्ड’ येते. यांतले सुरक्षित कोणते?

‘स्किप’ सुरक्षित. त्या नावाची फाइल तिथे आधीच असेल तर ती तशीच राहते, नवी जात नाही. ‘रिप्लेस’ आणि ‘ओव्हरराइट’ यांचा परिणाम एकच : जुनी फाइल जाते, तिच्या जागी नवी येते. जुनी रिसायकल बिनमध्येही सापडत नाही. कोणती फाइल ताजी आहे हे ठरत नसेल तर ‘कंपेअर’ असलेला पर्याय घ्यावा. त्यात दोन्ही फाइल्सची तारीख आणि आकार शेजारी-शेजारी दिसतात, आणि दोन्हींवर खूण केली तर दोन्ही राहतात. नव्या फाइलच्या नावापुढे आकडा लागतो.

एकाच नावाचे दोन फोल्डर असतील तर विंडोज ते ‘मर्ज’ करते, म्हणजे दोघांतल्या फाइल्स एकत्र आणते आणि फक्त एकसारख्या नावांबद्दल विचारते. मॅकवर हीच सवय अंगाशी येते. तिथे फोल्डरला ‘रिप्लेस’ म्हटले की जुना फोल्डर आतल्या सगळ्या फाइल्ससह जातो. फक्त जुन्यातच असलेल्या फाइल्सही त्याबरोबर गेल्या.

‘डिस्कार्ड’ म्हणजे टाकून देणे. लिहिलेले जपायचे असेल तर हे बटण कधीच दाबू नये. जीमेलमध्ये डिस्कार्ड केलेला मसुदा ट्रॅशमध्येसुद्धा जात नाही. बंद करताना येणाऱ्या प्रश्नातले ‘कॅन्सल’ मात्र निरुपद्रवी आहे. त्याचा अर्थ ‘बंद करायचे राहू दे’ असा होतो. गोंधळ उडाला की तेच दाबावे.

प्रश्न : 32 जीबीच्या पेन ड्राइव्हमध्ये भरपूर जागा असूनही 5 जीबीचा व्हिडिओ जात नाही. ‘फॉर्मॅट कर’ असा सल्ला मिळाला. पण वर्डमध्येही ‘फॉर्मॅट पेंटर’ असतो, त्याने तर काही पुसले जात नाही. मग फॉर्मॅट म्हणजे नक्की काय?

हा शब्द तीन ठिकाणी तीन कामे करतो. वर्डमध्ये फॉर्मॅट म्हणजे मजकुराचे रूप : ठळक, तिरपे, आकार, रंग. ‘फाइल कोणत्या फॉर्मॅटमध्ये आहे?’ यात फॉर्मॅट म्हणजे फाइलचा प्रकार : पीडीएफ, जेपीजी, एमपी3. आणि डिस्क फॉर्मॅट करणे म्हणजे तिच्यावर फाइल्स मांडण्याची व्यवस्था नव्याने आखणे. पहिल्या दोन अर्थांत धोका नाही. तिसऱ्यात आधीचे सगळे जाते.

तुमची अडचण जागेची नाही, त्या व्यवस्थेची आहे. असे पेन ड्राइव्ह बहुधा फॅट32 पद्धतीचे असतात. त्या पद्धतीत फाइलचा आकार 32 बिटांत नोंदवला जातो, म्हणून एका फाइलची कमाल मर्यादा 4,29,49,67,295 बाइट, म्हणजे 4 जीबीला एक बाइट कमी. ड्राइव्ह रिकामा असला तरी 5 जीबीची एक अखंड फाइल त्यात बसणार नाही. 1 जीबीच्या पाच फाइल्स मात्र आरामात बसतील.

आधी पेन ड्राइव्हमधले सगळे संगणकावर कॉपी करा आणि दोन-तीन फाइल्स उघडून पाहा. मग ‘दिस पीसी’मध्ये पेन ड्राइव्हवर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘फाइल सिस्टीम’ काय आहे ते बघा. फॅट32 असेल तर पुन्हा उजवी क्लिक, ‘फॉर्मॅट’. इथे थांबून ड्राइव्हचे अक्षर आणि आकार पुन्हा तपासा. चुकीचा ड्राइव्ह निवडणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. ‘फाइल सिस्टीम’मध्ये ‘एक्सफॅट’ निवडा. विंडोज आणि मॅक दोन्ही तिच्यावर लिहू शकतात. ‘एनटीएफएस’ निवडली तर मॅक ती वाचतो, पण जादा सॉफ्टवेअरशिवाय तिच्यावर लिहीत नाही. ‘ॲलोकेशन युनिट साइज’ला हात लावू नका. ‘स्टार्ट’ दाबा, इशारा वाचा, ‘ओके’. एक अडचण येऊ शकते : काही जुने टीव्ही आणि गाडीतले प्लेअर फक्त फॅट32 ओळखतात. तिथे वापरायचा ड्राइव्ह वेगळा ठेवावा.

त्या चौकटीतल्या ‘क्विक फॉर्मॅट’बद्दलही सांगायला हवे. क्विकमध्ये पुस्तकाची फक्त अनुक्रमणिका फाडली जाते, पाने तशीच राहतात. रिकव्हरी सॉफ्टवेअरला ती वाचता येतात. खूण काढली तर व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये सगळ्या जागेवर शून्ये लिहिली जातात आणि खराब भागही शोधले जातात. वेळ बराच लागतो. ड्राइव्ह दुसऱ्या कोणाला द्यायचा असेल तर तो वेळ द्यावा.

आणि पेन ड्राइव्ह लावताच संगणक स्वतःहून ‘वापरण्याआधी फॉर्मॅट करा’ असे सुचवू लागला, आणि आत हवे असलेले काही असेल, तर ‘कॅन्सल’. तो संदेश म्हणजे फाइल्सची मांडणी वाचता आली नाही एवढीच कबुली असते. दुसऱ्या पोर्टमध्ये, दुसऱ्या संगणकावर लावून बघा. तरीही जमले नाही तर आधी रिकव्हरी, नंतर फॉर्मॅट. हा क्रम उलटवू नये.

प्रश्न : ‘डिलीट’ आणि ‘अनइन्स्टॉल’ यांत फरक काय?

डेस्कटॉपवरचे जे चित्र तुम्ही डिलीट करता ते बहुधा ‘शॉर्टकट’ असते, म्हणजे प्रोग्रॅमकडे नेणारा दुवा. डाव्या कोपऱ्यात छोटा बाण असतो, त्यावरून ओळखावे. तो पुसला तरी प्रोग्रॅम जिथल्या तिथे असतो आणि जागा मोकळी होत नाही. प्रोग्रॅम काढायचा तर सेटिंग्ज, ‘ॲप्स’, ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’, नावापुढचे तीन ठिपके, ‘अनइन्स्टॉल’. डिलीटबद्दल आणखी एक : पेन ड्राइव्हवरून पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही. शिफ्ट दाबून डिलीट केले तर संगणकातली फाइलही बिनमध्ये न जाता थेट पुसली जाते.

प्रश्न : ‘मेमरी फुल’ म्हणजे रॅम भरली की डिस्क? आणि 512 जीबीची डिस्क घेतली तर विंडोज 476 जीबीच दाखवते. उरलेली कुठे गेली?

बोलताना दोन्हींना मेमरी म्हणतात, म्हणून घोळ होतो. रॅम ही काम चालू असतानाची जागा. वीज गेली की रिकामी. स्टोरेज म्हणजे डिस्क, तिथे फाइल्स राहतात. ‘लो ऑन मेमरी’ असा संदेश आला तर प्रश्न रॅमचा. उघडे प्रोग्रॅम आणि ब्राउझरचे टॅब बंद करावेत. ‘लो डिस्क स्पेस’ आले तर फाइल्स हलवाव्यात. फोटो पुसून रॅम मोकळी होत नाही, आणि टॅब बंद करून फोटोंना जागा होत नाही.

डिस्कमधले काही कुठे गेलेले नाही. बनवणारे 1 जीबी म्हणजे 100 कोटी बाइट धरतात. विंडोज 1 जीबी म्हणजे 1024 गुणिले 1024 गुणिले 1024, म्हणजे 1,07,37,41,824 बाइट धरते. भागाकार केला की 512 चे 476 होतात, 1 टीबीचे 931 जीबी. या दुसऱ्या मापासाठी 1998 साली ‘गिबीबाइट’ हे वेगळे नावही ठरले, पण विंडोज अजून जीबीच लिहिते. मॅकने 2009 पासून पहिले माप घेतले. तीच डिस्क तिथे 512 च्या आसपास दिसते.

असाच घोळ इंटरनेटच्या वेगात आहे. 100 एमबीपीएस म्हणजे सेकंदाला 100 मेगाबिट. फाइल मात्र मेगाबाइटमध्ये मोजतात, आणि 8 बिटांचा 1 बाइट. म्हणजे जास्तीत जास्त वेग सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. 2 जीबीच्या फाइलला निदान 2 मिनिटे 40 सेकंद लागणारच. डाउनलोडच्या चौकटीत 11-12 चा आकडा पाहून तक्रार करण्याआधी पुढे बिट लिहिले आहे की बाइट ते बघावे.

प्रश्न : मी रोज रात्री ‘शट डाउन’ करतो. तरी मदत मागितली की ‘आधी रिस्टार्ट करा’ असेच सांगतात. बंद करून सुरू करणे आणि रिस्टार्ट एकच ना?

वाटते एकच, पण विंडोज 8 पासून नाही. तेव्हापासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. ती चालू असेल तर ‘शट डाउन’ करताना विंडोजचा गाभा, ड्रायव्हर्ससकट (म्हणजे प्रिंटर, पडदा अशी उपकरणे चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमसकट), आहे त्या अवस्थेत डिस्कवर लिहून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. सुरुवात लवकर होते, पण अडकलेला ड्रायव्हरही अडकलेल्या अवस्थेतच परत येतो. ‘रिस्टार्ट’मध्ये सगळे नव्याने सुरू होते. पटत नसेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘सीपीयू’ निवडा आणि ‘अप टाइम’ वाचा. रोज बंद करूनही तिथे कित्येक दिवस दिसू शकतात. पूर्ण बंदच करायचे असेल तर शिफ्ट दाबून ठेवून ‘शट डाउन’ निवडावे.

‘स्लीप’ आणि ‘हायबरनेट’ यांचा फरक विजेचा. स्लीपमध्ये चालू काम रॅममध्येच असते आणि रॅमला थोडी वीज लागत राहते; बॅटरी पूर्ण संपली तर सेव्ह न केलेले जाऊ शकते. हायबरनेटमध्ये ते डिस्कवर लिहिले जाते, वीज लागत नाही.

प्रश्न : फोटो क्लाउडवर ‘सिंक’ होतात, म्हणून मी ते फोनमधून पुसले. तिकडूनही गेले! मग बॅकअप कशाला म्हणतात?

सिंक म्हणजे दोन ठिकाणे सारखी ठेवणे. बॅकअप म्हणजे मूळ बिघडले तरी हाताशी राहील अशी वेगळी प्रत. सिंकमध्ये तुमचे पुसणे हाही एक बदलच असतो, आणि तो इमानदारीने दुसरीकडे पोहोचवला जातो. फाइल चुकून बिघडवून सेव्ह केली तर बिघडलेलीच सगळीकडे पोहोचते. म्हणून ‘माझे सगळे सिंक होते, मला बॅकअपची गरज नाही’ हे वाक्य आम्हाला धोक्याचे वाटते.

गूगल फोटोजमध्ये बॅकअप चालू असेल आणि ॲपमधून फोटो डिलीट केला, तर तो फोन आणि क्लाउड दोन्हींतून जातो. फोनची जागाच मोकळी करायची असेल तर तिथला ‘फ्री अप स्पेस’ हा पर्याय वापरावा. तो आधी वर पोहोचलेल्या फोटोंच्या फक्त फोनमधल्या प्रती काढतो. बॅकअप झालेला पुसलेला फोटो ट्रॅशमध्ये 60 दिवस असतो, तेव्हा आधी तिथे बघा आणि ‘रिस्टोअर’ करा. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमधल्या फाइल्सना मुदत 30 दिवसांचीच.

खऱ्या बॅकअपचा जुना नियम 3-2-1 असा सांगतात : एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी. बाहेरची हार्ड डिस्क बॅकअपपुरतीच जोडावी आणि काढून ठेवावी. कायम जोडलेली डिस्क खंडणीखोर व्हायरसच्या तावडीत संगणकाबरोबरच सापडते. आणि अधूनमधून एखादी फाइल परत आणून बघावी; न तपासलेला बॅकअप आहे असे धरू नये.

प्रश्न : वेबसाइटवर जुनेच पान दिसते. ‘कॅशे क्लिअर करा’ म्हणतात. त्याने पासवर्ड जातील का?

नाही. उच्चार मात्र ‘कॅश’ असा आहे, रोख रकमेसारखाच. कॅश म्हणजे पानातली चित्रे आणि फाइल्स पुन्हा आणाव्या लागू नयेत म्हणून ब्राउझरने ठेवलेल्या प्रती. कुकी म्हणजे वेबसाइटने तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद. तुम्ही आत आला आहात हे तिच्यावरूनच कळते. हिस्टरी म्हणजे पाहिलेल्या पानांची यादी.

आधी फक्त कंट्रोल आणि एफ5 एकत्र दाबा. त्या पानापुरते सगळे नव्याने आणले जाते आणि बहुतेकदा तेवढ्यावर भागते. नाहीच भागले तर कंट्रोल, शिफ्ट, डिलीट. क्रोममध्ये ‘कॅश्ड इमेजेस अँड फाइल्स’ एवढ्यावरच खूण ठेवा. कुकीजवर खूण असेल तर ठिकठिकाणी पुन्हा लॉग इन करावे लागेल. साठवलेल्या पासवर्डची खूण ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये वेगळी असते, ती केली तरच ते पुसले जातात.

प्रश्न : ‘डिफॉल्ट’ म्हणजे कर्ज बुडवणे. संगणकात काय बुडते?

काहीच नाही. तुम्ही काही निवडले नाही तर जे आपोआप लागू होते ते डिफॉल्ट. पीडीएफ ब्राउझरमध्येच उघडत असेल तर फाइलवर उजवी क्लिक, ‘ओपन विथ’, ‘चूज अनदर ॲप’, हवा तो प्रोग्रॅम निवडून ‘ऑल्वेज’. ‘रिस्टोअर डिफॉल्ट्स’ने मात्र तुम्ही केलेले बदल जातात. दाबण्याआधी पडद्याचा फोटो काढून ठेवावा.

प्रश्न : इंग्रजीत तक्रारीचा ईमेल लिहिताना ‘लॉगिन’, ‘बॅकअप’, ‘हँग’ हे शब्द कसे वापरायचे?

क्रियापद असेल तर दोन शब्द, नाम असेल तर एक. ‘आय कॅनॉट लॉग इन’ यात ‘लॉग’ आणि ‘इन’ सुटे. ‘माय लॉगिन इज नॉट वर्किंग’ यात जोडून. ‘बॅक अप’, ‘सेट अप’, ‘शट डाउन’, ‘साइन अप’ यांचेही तसेच. भूतकाळ पहिल्या शब्दाचा करायचा : ‘लॉग्ड इन’, ‘बॅक्ड अप’. ‘डाउनलोड’, ‘अपलोड’, ‘अपडेट’ नेहमी एकच शब्द.

‘हँग’ ढोबळ आहे. पडदा थिजला, काहीच हलत नाही, तर ‘फ्रोझन’. प्रोग्रॅम स्वतःच बंद पडला तर ‘क्रॅश्ड’. दुरुस्त करणाऱ्याला हा फरक उपयोगी पडतो. खोक्याला सीपीयू म्हणू नका. सीपीयू ही आतली चिप, खोका म्हणजे कॅबिनेट. आणि शेवटी ‘प्लीज रिव्हर्ट’ लिहायची आपल्याकडची पद्धत परदेशी माणसाला चकवते. संगणकात ‘रिव्हर्ट’ म्हणजे आधीच्या स्थितीवर परत नेणे. ‘प्लीज रिप्लाय’ लिहावे. चूक झाल्याचा संदेश (‘एरर मेसेज’) आला असेल तर तो शब्दशः उतरवावा, आकड्यासह.

प्रश्न : ईमेलची प्रत इतरांना पाठवताना ‘सीसी’ आणि ‘बीसीसी’ कधी वापरायचे?

सीसीतली नावे सगळ्यांना दिसतात, बीसीसीतली कोणालाच नाही. एकमेकांना न ओळखणाऱ्या खूप जणांना पाठवायचे असेल तर सगळे पत्ते बीसीसीमध्ये. पण बीसीसीतल्या माणसाने ‘रिप्लाय ऑल’ केले की त्याचे गुपित उघड होते.

प्रश्न : मराठी फाइल पाठवली की समोरच्याला कधी इंग्रजी अक्षरांची खिचडी, कधी चौकोन, कधी प्रश्नचिन्हे दिसतात. दोष फॉन्टचा का?

तीन लक्षणे, तीन कारणे. खिचडी दिसली तर मजकूर जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये आहे. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षराचे चित्र इंग्रजी अक्षराच्या क्रमांकावर बसवलेले असते. फॉन्ट नसेल तिथे मूळ इंग्रजी अक्षर दिसते. अशा मजकुराला नुसता ‘मंगल’ फॉन्ट लावून उपयोग नाही. वर्डमध्ये मजकुरावर क्लिक करून फॉन्टचे नाव बघा आणि त्याच फॉन्टसाठीच्या कन्व्हर्टरने तो युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, आणा. नंतर जोडाक्षरे, रफार आणि आकडे डोळ्यांनी तपासा. चुका तिथेच राहतात. फक्त वाचायला द्यायचे असेल तर पीडीएफ करून पाठवली तरी चालते, कारण फॉन्ट तिच्यात बरोबर जातो. मात्र तिच्यातून कॉपी केले की पुन्हा खिचडीच मिळेल.

चौकोन दिसले तर मजकूर युनिकोडच आहे, पण निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. ‘निर्मला यूआय’, ‘मंगल’ किंवा ‘कोकिला’ लावला की अक्षरे दिसू लागतात.

प्रश्नचिन्हांचे प्रकरण वाईट. मजकूर नोटपॅडसारख्या ठिकाणी ‘ॲन्सी’ पद्धतीने सेव्ह झाला, त्या पद्धतीत देवनागरीला जागाच नाही, म्हणून प्रत्येक अक्षराच्या जागी खरोखरच प्रश्नचिन्ह लिहिले गेले. त्या फाइलमधून मजकूर परत मिळणार नाही. पाठवणाऱ्याने मूळ मजकूर उघडून ‘सेव्ह ॲज’मध्ये ‘एन्कोडिंग’ समोर ‘यूटीएफ-8’ निवडावे आणि फाइल नव्याने पाठवावी.